नातीच्या स्टुलाचा हेवा

आमच्या सासूबाई, वनमाला, शेजारणीच्या सोन्यावर कधी जळल्या नाहीत. त्या जळल्या बारा वर्षांच्या नातीवर, आणि तेही एका स्टुलावरून.

मुलुंडच्या ज्या शाळेत आज माझी लेक अपूर्वा जाते, तिथेच सासूबाई शिकल्या. तेव्हा कार्यानुभवाच्या तासाला मुली वर्गात शिवणकामाला बसायच्या आणि मुलगे मागच्या शेडमध्ये सुतारकामाला जायचे. सासूबाईंना शेडमध्ये जायचं होतं. त्यांनी एकदा विचारलंही. बाई म्हणाल्या, "आधी काजं नीट कर." सगळा वर्ग हसला. काजं त्यांनी इतकी सुबक केली की पहिला नंबर आला, पण घरात कौतुक झालं ते भावाने, म्हणजे जयवंतमामांनी, शाळेत केलेल्या पाटाचं. तो डुगडुगता पाट पाहुण्यांना बसायला मिळायचा आणि यांचा भरतकामाचा रुमाल ट्रंकेत पडून. मामांना त्याचे टोमणे अजून भाऊबीजेला ऐकावे लागतात.

आता शाळेत सगळ्यांना सगळं शिकवतात. शेजारचा सम्यक शर्टाला बटणं लावतो, आमची अपूर्वा लाकूड कापते. परवा तिने स्वतः केलेलं स्टूल घरी आणलं. माझ्या नवऱ्याने, सुयोगने, लगेच फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी स्टूल उलटं केलं, पाय हलवून बघितले.

"वाकडंय गं हे. आमच्या बाईंनी फेकून दिलं असतं."

अपूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा पोरीशी कसली बरोबरी करायची? पण मी काही बोलायच्या आत अपूर्वाच उसळली.

"मग तू बनवून दाखव ना!"

"मला कुठे येतंय?" सासूबाई ओरडल्याच. "माझ्या हातात कुणी करवत दिलीय कधी? तुला सगळं आयतं मिळालं. नाही बघवत मला!"

बोलून झालं आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सुयोग उगाच मोबाइल बघत राहिला. अपूर्वा नाक पुसत बाल्कनीत गेली आणि बाबाच्या हत्यारांच्या पेटीतली करवत घेऊन आली, एक जुनी फळीही आणली.

"शिकवते तुला. पण आधी सॉरी म्हण."

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून सासूबाईंनी कुणाला सॉरी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांनी करवतीकडे बघितलं.

"सॉरी," त्या म्हणाल्या. "आण इकडे."