स्टॉपर बाबल धुरी

बाबल धुरी आमच्या डिस्पॅच विभागात आला त्या दिवशी त्याला कोणी ‘बस’ म्हटलं नाही, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभाच राहिला. हात मागे बांधून, भिंतीला पाठ न लावता. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी. तिची फुटबॉलची टीम होती आणि बाबल चौदा वर्षं त्या टीमचा स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा असलेला शेवटचा माणूस. नवे मालक आले, त्यांनी टीम बंद केली आणि खेळाडूंना टेबलं वाटून दिली. मी खुर्ची ओढून दिली तेव्हा तो बसला. उजवा पाय मात्र सरळ पुढे ठेवून. तो गुडघा पुरता वाकत नव्हता.

त्या गुडघ्याची गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतला हा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी कंपनीने त्याला उचललं. पुढे एका उपांत्य सामन्याच्या सकाळी गुडघा सुजलेला होता. टीमचा मॅनेजर म्हणाला, “इंजेक्शन घे रे, नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे.” बाबलने घेतलं. कंपनी जिंकली. “नव्वद मिनिटं कंपनीची,” जिना उतरताना कठड्याला धरून बाबल म्हणायचा, “त्याच्यापुढची सगळी माझी.”

ऑफिसात लोक त्याला ‘खेळाडू कोटा’ म्हणत, त्याला ऐकू जाईल असं. पत्रांची नोंद कशी करायची ते मी शिकवलं. अक्षर लहान मुलासारखं मोठं, पण खाडाखोड नाही. एकदा शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, “काय धुरी, किती गोल मारलेस?”

“एक पण नाही.”

“मग केलंस काय चौदा वर्षं?”

“तुझ्यासारख्यांना मारू दिले नाहीत.”

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “गोल मारणाऱ्याचा फोटो छापतात. अडवणाऱ्याचा कशाला छापतील? फोटो काढण्यासारखं काही घडू द्यायचं नाही, हेच तर त्याचं काम.”

त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. एवढ्या वर्षांत फाउलबद्दल त्याला एकही कार्ड मिळालं नव्हतं, ना पिवळं, ना लाल. “बॉल घ्यायचा, पाय नाही,” हे त्याचं वाक्य. कंपनीच्या वार्षिक दिवसाला साहेब विरुद्ध कामगार अशी गमतीची मॅच ठेवली, तेव्हा त्याला आधीच बजावलं होतं, मोठ्या साहेबांना एक गोल मारू दे, फोटो काढायचाय. साहेब बॉल घेऊन आले. बाबलने एक पाऊल टाकलं आणि बॉल अलगद काढून घेतला. साहेब रिकाम्या पायांनी तसेच चार पावलं पुढे पळत गेले. लोक हसले.

आठवड्याभरात बाबलची बदली मानखुर्दच्या गोदामात झाली.

“एक गोल सोडला असतास तर काय बिघडलं असतं रे?” मी चिडून विचारलं.

“पायाला हात लावला का मी त्यांच्या? बॉल घेतला. बास.”

निवृत्त होईपर्यंत तो त्या गोदामातच राहिला.

त्याला एकच मुलगी, नमू. ती शाळेच्या टीममध्ये खेळायची आणि फार सुंदर खेळायची, हे मी इतरांकडून ऐकलेलं. बाबल तिची एकही मॅच बघायला गेला नव्हता. पंधराव्या वर्षी तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली आणि फॉर्मवर पालकाची सही हवी होती. पोरगी तो फॉर्म घेऊन मुलुंडला माझ्या घरी आली. “काका, बाबा तुमचं ऐकतात.”

मी गेलो. बाबलने फॉर्म वाचलाच नाही. संतापला की तो मालवणीत शिरायचा. “माका काय मिळाला ता बघितलंस ना? मग तिका कित्याक त्याच वाटेन धाडू?” नमू दारात उभी होती. तिच्याकडे बघून तो एकदम थांबला आणि म्हणाला, “ठीक आहे. रविवारी मैदानात ये. मला चुकवून पुढे जा, मग सही करतो.”

रविवारी सकाळी पालिकेच्या मैदानात आम्ही तिघंच होतो. मी साक्षीदार. पहिल्या सात-आठ वेळा त्याने तिचा बॉल सहज काढून घेतला, त्या असल्या गुडघ्यावर. मी त्याचा खरा खेळ पहिल्यांदाच बघत होतो, आणि खरं सांगतो, पोरीचं दुःख विसरून बघत राहिलो. मग नमूने डावीकडे झुकल्यासारखं केलं आणि उजवीकडून निघाली. साफ निघाली. बाबल मागे राहिला. आणि मागून त्याने तिच्या पायात पाय घातला.

ती मातीत आपटली. कोपर सोलवटलं. उठून ती बापाकडे नाही, माझ्याकडे वळली. “काका, फाउल होता ना?”

बाबल खाली बघत होता. मी म्हणालो, “राहू दे गं, घरी चल आधी, रक्त येतंय.”

सही झाली नाही. नमू पुन्हा कधी खेळली नाही. बी.कॉम. करून ती विमानतळावर नोकरीला लागली, लग्न करून अंधेरीला गेली. सणाला माहेरी आली की आईपाशी स्वयंपाकघरात बसायची. बापाशी बोलणं फक्त औषधांचं.

गेल्या वर्षी बाबलने अंथरूण धरलं. मी शेवटचा भेटलो तेव्हा आवाज पार खोल गेला होता. मी काही न विचारताच म्हणाला, “ती गेली होती रे पुढे. मला कोणी असं चुकवलं नव्हतं.”

“मग पाय का घातलास?”

“सही करावी लागली असती,” तो म्हणाला. “माझ्यासारख्याचं त्यांनी हे केलं. ती तर माझ्याहून चांगली होती. तिचं काय केलं असतं?” मग माझं मनगट धरून म्हणाला, “तिला सांग.”

“तू सांग. बोलावतो तिला.”

त्याने ‘नको’ म्हणून मान हलवली. चौथ्या दिवशी तो गेला.

स्मशानातून परतल्यावर चाळीच्या पायऱ्यांवर मी नमूला ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. निदान माझ्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल.

तिने ओढणीने चेहरा पुसला. “ते मला पडल्या पडल्याच कळलं होतं, काका,” ती म्हणाली. “त्यांचं सोडा. ते घाबरले होते. त्या दिवशी मैदानात तुम्ही का नाही बोललात?”

मग आईला जेवायला घालायला ती वर निघून गेली.