भाव येईपर्यंत झाकून ठेवलेली मोटार

पोस्टकार्डावर तीनच ओळी होत्या. ‘गाडीला भाव आला असल्यास गिऱ्हाईक पाहावे. आता धरून ठेवण्यात अर्थ नाही. येताना देवपूरच्या आबांना घेऊन यावे.’ खाली धरणगावच्या नानांची सही. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, दुकानात शुकशुकाट होता. मी पुण्याहून सकाळची धुळ्याची बस धरली.

नाना म्हणजे धरणगावचे कापसाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. आणि गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. गडद हिरवी, वरून उघडी, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स कार. तरुणपणी नानांनी ती एका संस्थानिकाच्या मुनिमाकडून हौसेने घेतली होती. मी पुण्यात मोटारींचे सुटे भाग विकतो आणि जुन्या गाड्यांतलं आपल्याला फार कळतं असं समजतो. नऊ वर्षांपूर्वी त्यांना हवा असलेला एक भाग घेऊन मी धरणगावला गेलो होतो. नानांनी मला गावाबाहेर फिरवून आणलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी हसत होतो. आणि परतल्यावर, त्यांच्याच घरचा चहा पिताना, मी ज्ञान पाजळलं.

“नाना, ही फार वापरू नका. अशा गाड्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या. जितकी कमी चालेल तितका पुढे भाव येईल.”

मी हे बोललो, पुण्याला आलो आणि विसरून गेलो. पण भाव येईपर्यंत मालाला हात लावायचा नाही, या एकाच गोष्टीवर ज्यांच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या, ते नाना कसे विसरतील?

धुळ्याला उतरलो तेव्हा दुपार टळली होती. पांझरेच्या पुलावरून देवपूरला गेलो. नदीत पाणी थोडं आणि म्हशी जास्त. आबांचं गॅरेज म्हणजे लिंबाच्या झाडाखालचं पत्र्याचं छप्पर. नानांच्या गाडीला पहिल्यापासून हात लावणारे मिस्त्री तेच. सत्तरीला आलेले, पण पान्याची पकड अजून घट्ट.

“नऊ वरीस बंद शे ती,” ते म्हणाले. “म्हातारा मानूस नऊ वरीस खाटवर पडना ते उठी का?” (म्हातारा माणूस नऊ वर्षं खाटेवर पडला तर उठेल का?)

त्यांनी मला कोपऱ्यावरच्या खानावळीत शेवभाजी खायला नेलं. तांबड्या तर्रीत बुडालेली जाड शेव आणि सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). पहिल्या घासाला माझ्या नाकातून धार लागली आणि डोळे पुसण्याच्या नादात वाटीतली निम्मी तर्री शर्टावर आली. आबा शांतपणे जेवत राहिले. “पुनाना मानूस,” एवढंच खानावळवाल्याला म्हणाले. त्याला तेवढ्यात सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना घेऊन पारोळा, एरंडोल करत धरणगावला पोचलो. कापसाचा हंगाम भरात होता. रस्त्याने बैलगाड्यांची रांग, प्रत्येक गाडीवर घराएवढा पांढरा ढीग. बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून झाडांना पांढरी फुलं आल्यासारखी दिसत होती. मला एकदम बरं वाटलं. नानांच्या गाडीला भाव खरंच आला होता. मुंबईचे एक हौशी शेठ मी आधीच हेरून ठेवले होते आणि आपलं भाकीत खरं ठरलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

नानांनी वखारीचं कुलूप काढलं. कापसाच्या गाठी जिथे ठेवतात तिथेच, मागच्या भिंतीला लागून ती उभी होती. चाकं काढलेली, खाली सागाचे ठोकळे, वर गोणपाटाचे तीन थर. चाकं वेगळी तेलाच्या फडक्यांत बांधून ठेवलेली. गोणपाटावर हळदीकुंकवाचे डाग आणि वाळलेली झेंडूची फुलं होती. दर दसऱ्याला तिची पूजा होत होती, पण वरचं गोणपाट काही निघत नव्हतं.

“तुम्ही म्हणाला होता ना भाऊ, कमी चालवा,” नाना म्हणाले. “मी म्हटलं, कमी कशाला? बंदच करू. माल धरायचा तर पुरता धरायचा.”

मी हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच दिसलं.

दुपारी वरणबट्टी होती. बोट बुडेल इतक्या तुपात कुस्करलेली बट्टी. वाढत सूनबाई होत्या. नानांच्या पत्नी, अक्का, समोर उंच खुर्चीवर बसल्या होत्या, हातात काठी. दोन वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून पडल्या, कंबरेच्या हाडात सळई घातली, असं नानांनी सांगितलं. जेवण होत आलं तेव्हा अक्का माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, गाडी विका. माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याआधी एकदा मला तिच्यातून पहूरला जायचंय.”

पहूर त्यांचं माहेर. जळगावच्या पुढे, जामनेर तालुक्यात. लग्नानंतरची कितीतरी वर्षं भाऊबीजेला नाना त्यांना त्या उघड्या गाडीतून घेऊन जात. डोक्यावरचा पदर दातांत धरून बसावं लागायचं, नाहीतर वाऱ्याने उडायचा. गाव बघायला गोळा व्हायचं. मग गाडी झाकली गेली. अक्का दर दिवाळीला विचारायच्या, नाना म्हणायचे पुढच्या वर्षी. त्या बसने जाऊन यायच्या. दोन वर्षं तेही बंद.

“मी का नेलं नाही, ते यांना विचार,” नाना बायकोला म्हणाले, माझ्याकडे न बघता. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आबांनी दोन दिवस काम केलं. चाकं चढवली, टाकी धुतली, प्लग साफ केले, सिलिंडरमध्ये तेल सोडून रात्रभर मुरवलं आणि मग हँडल मारत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठसकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली. अख्खी गल्ली वखारीसमोर आली. आबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “बठ्ठं साबूत शे भाऊ. जशी व्हती तशीच शे.” (सगळं शाबूत आहे.)

अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून तयारच होत्या. सूनबाईंनी एका बाजूने धरलं, नानांनी दुसऱ्या. पण ही गाडी जमिनीला लागून. बसायचं म्हणजे जवळजवळ खाली मांडी घालायला वाकावं तसं वाकायला हवं, आणि पाय पुढे लांब सरळ सोडायला हवेत. अक्कांची कंबर वाकेना. पाट ठेवून पाहिला. उशी ठेवून पाहिली. खुर्चीसकट उचलून आत उतरवता येईल का, तेही पाहिलं. चौथ्या वेळेला त्यांच्या तोंडून हलकेच “आई गं” आलं आणि नानांनी हात सोडले.

“राहू द्या,” अक्का म्हणाल्या. घाम पुसून खुर्चीवर टेकल्या. मग मला विचारलं, “भाऊ, भाव चांगला आलाय ना?”

“हो अक्का. चांगला आलाय.”

“मग झालं.”

इतकी वर्षं मी लोकांना सल्ले देतो आहे. त्या ‘मग झालं’ इतकं मला कधी काही लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी गप्प बसलो असतो तर ही बाई सात दिवाळ्या ऐटीत माहेरी गेली असती, आणि गाडी थोडी झिजली असती, एवढंच.

गाडी जळगावला शेठच्या ट्रकवर चढवायची होती. नानांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, आधी पहूरपर्यंत जाऊन येऊ. ते नको म्हणाले. “तिच्याशिवाय त्या गाडीत मी कधी पहूरला गेलो नाही.” अक्कांनी मात्र शंकरपाळ्यांचा डबा मागवून शेजारच्या सीटवर ठेवायला लावला. “भावाला द्या. गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवा, तो समजतो.”

पाळधी मागे पडली, जळगाव मागे पडलं, नेरीपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि कापसाची शेतं. पुढच्या ट्रकमधून उडालेला कापूस माझ्या तोंडात गेला. गाडी अशी पळत होती की शीळ घालावीशी वाटावी. मी घातली नाही. डबा खड्ड्याखड्ड्याला खुळखुळत होता.

पहूरला गल्लीच्या तोंडाशी मी दोनदा हॉर्न वाजवला. किराणा दुकानाच्या गादीवरून एक साठीचे गृहस्थ अनवाणीच पळत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट पलीकडे गेले, सवयीने दार उघडलं आणि उतरणाऱ्या माणसाला आधार द्यावा तसा हात पुढे केला. मागे उंबरठ्यावर त्यांची बायको तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला.

“जीजी?” त्यांनी रिकाम्या सीटकडे बघून बहिणीबद्दल विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डबा उचलला आणि दार हळूच लावलं. बायकोला काही सुचेना. मग तिने तो तुकडा माझ्यावरूनच ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. तो मान माझा नव्हता.

संध्याकाळच्या आत जळगावला परत आलो. शेठ स्वतः आले होते. त्यांनी दारं उघडून पाहिली, गालिचा वर करून पाहिला, रंगावरून बोट फिरवलं आणि मीटरसमोर चष्मा लावून बसले. फारच खूश झाले.

“नऊ वर्षं हात नाही लावला? कमाल धीर आहे तुमच्या नानांना,” ते म्हणाले. “त्यांना हा सल्ला दिला तरी कोणी?”

माझी पुण्याची बस लागली होती. पिशवी उचलत मी म्हटलं, “कोणास ठाऊक.”