मंगलाताईंची नऊ पानं

मंगलाताईंच्या हातून एकदा पाच जणांचं आठ महिन्यांचं काम कायमचं गेलं होतं.

हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी.

आज सकाळी ताई गेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी, पॅकिंग मशीनसाठी सॉफ्टवेअर लिहायची. इंटरनेट म्हणजे एक डायल-अप, तेही फोन मोकळा असला तर.

ऑफिसात त्या सगळ्यांच्या मंगलाबेन. बाकी सगळे गुजराती; मराठी आम्ही दोघीच, म्हणून माझ्या ताई आणि मी त्यांची बेबी.

"बॅकअप दर शनिवारी घेत होते गं," त्या म्हणाल्या. "पण परत उघडून कधी बघितलाच नाही. गरज पडली तेव्हा टेप कोरी निघाली."

त्यानंतर त्यांनी नऊ पानं लिहिली.

आमची रिपॉझिटरी, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास, नेटशिवाय सीडीवर कशी घ्यायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत कशी उभी करायची. साधं इंग्लिश. प्रत्येक कमांडनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं, तेही.

मला ती पानं दिली आणि एक रिकामा पीसी.

"मला काही विचारायचं नाही. अडलीस तिथे पेन्सिलने फुली मार."

मी सात फुल्या मारल्या. वाटलं, गेली नोकरी.

ताई खूश! "म्हणजे सात ठिकाणी मी नीट लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पानं नवीन.

दोन वर्षांनी पावसाळ्यात तळमजल्यावरच्या आमच्या ऑफिसात पाणी शिरलं. सर्व्हर बुडाला.

ताई तेव्हा बायपाससाठी अहमदाबादला ॲडमिट.

आमचे मालक भरतभाई ओल्या खुर्चीत बसून राहिले. "छ वरसनुं काम," एवढंच म्हणत होते.

मी म्हटलं, "बेनना फोन नको. उठून येतील त्या."

सीड्यांचा एक सेट ताईंच्या कारेलीबागच्या घरी असायचा. त्यांच्या मुलाने आणून दिला. शेजारच्या युनिटमधून पीसी मागून आणला आणि मी पहिलं पान उघडलं.

पहिली सीडी वाचलीच नाही. मी पानं उलटत गेले.

पान चार. "पहिली सीडी चालली नाही तर घाबरू नका. दुसरी त्यासाठीच आहे."

दुसरी चालली.

दुपारपर्यंत सहा वर्षांचा इतिहास स्क्रीनवर होता. गेलं ते फक्त शनिवारनंतरचं, तीन दिवसांचं काम. भरतभाई चष्मा काढून डोळे पुसत होते.

आठवड्याने ताईंना फोनवर बोलायची परवानगी मिळाली. मी सगळं सांगितलं.

"कोण बसलं होतं?"

"मी."

"एकटीच?"

"पानं होती ना, ताई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं. सर्व्हर जमिनीवर ठेवायचा नाही, हे मी लिहायला विसरले. दहावं पान तू लिही."

ताई बऱ्या झाल्या, परत आल्या, रिटायर होईपर्यंत माझ्या शेजारच्या टेबलावर बसल्या.

आज माझ्या टीममधल्या मुली धरणांवर, खाणींवर जातात. जिथे नेट पोचत नाही तिथे पेनड्राइव्हवरून अख्खी रिपॉझिटरी उभी करून येतात. तशीच लिहिलेली पानं बघून, मला एक फोनही न करता.

त्यांना मंगलाताई माहीत नाहीत. म्हणून आज हे लिहिलं.

ताई, निवांत जा. तुमच्या बेबीचा शेवटचा नमस्कार.