पाच दिले, पाच घेतले

धायरीच्या माझ्या फ्लॅटवर रविवारी दुपारी आम्ही चार-पाचजण एक खेळ खेळतो. कागदावर आपलं एक पात्र लिहायचं, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून लढायचं. जमलं की हुकलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारी मी. म्हणजे राक्षस माझे, खजिना माझा आणि न्यायनिवाडाही माझाच. ऑफिसात कुणी विचारत नसलं की माणूस असले छंद लावून घेतो.

आई गेल्यावर बाबा पेठेतलं घर बंद करून माझ्याकडे राहायला आले. इथे त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. भाजी खाली मिळत असताना ते बसने मंडईत जायचे, आणि परत आले की दिवसभर गप्प. एका रविवारी ते म्हणाले, "मला बसता येईल का तुमच्यात?" मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. पहिल्याच लढाईत मेले तर हे खोलीत जाऊन दार लावून घेतील आणि पुन्हा काही यायचे नाहीत.

त्यांनी गडावरचा एक म्हातारा पहारेकरी लिहिला. मी पहिल्याच गुहेत त्याला जादूचं कडं सापडू दिलं. कडं घातलं की फाशावर जे पडेल त्यात पाच मिळवायचे. बेरीज ज्याची त्याने करायची आणि शेवटचा आकडा तेवढा मला सांगायचा, अशी आमची पद्धत. बाबा अठरा, एकोणीस सांगत सुटले. रात्री जेवताना मला माझीच लढाई पुन्हा ऐकवायचे. आई गेल्यापासून ते इतकं बोलले नव्हते.

मग माझी एक मैत्रीण जिन्यात मला म्हणाली, "काकांचं कडं जाम ओव्हरपॉवर्ड झालंय गं. आम्ही नुसते हमाल उरलोय. बॅलन्स कर काहीतरी."

तिचं बरोबर होतं. बाबांना सांगून पाचाचे दोन करायचे, एवढंच काम होतं. पण जीभ रेटेना. मी आपली गुपचूप तोड काढली. शत्रूला लागायला इतरांना बारा पुरत असतील, तर बाबांसाठी मनातल्या मनात सतरा धरायचे. स्वतःच्या या हुशारीचं मला कौतुकही वाटलं, हे लिहिताना आज कसंतरी होतं.

बाबांचे वार हुकायला लागले. "वय झालं आमच्या पहारेकऱ्याचं," ते म्हणायचे, आणि मी हसायचे.

शेवटी पुलावरच्या लढाईत बाबांनी "चौदा" म्हटलं, मी "हुकला" म्हटलं, आणि उलट वारात पहारेकरी मेला. मैत्रीण म्हणाली, "थांब गं. माझा वार तेराला लागला. काकांचे चौदा कसे हुकले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं सुचेना. "त्यांच्याकडे कडं आहे ना, म्हणून त्यांना पाच जास्त लावते मी."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "कड्याचे पाच मी कधी धरलेच नाहीत," ते म्हणाले. "पंच मुलगी, आणि जादू बापाच्या हातात. चार लोकांत बरं दिसत नाही. नको म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून घालून बसलो."

म्हणजे ते अठरा, एकोणीस त्यांचे स्वतःचेच होते. आणि जे त्यांनी घेतलंच नाही, ते मी त्यांच्याकडून दर रविवारी वसूल करत होते. मला मान वर करवेना. तरी वर शहाणपणा केलाच: "बाबा, आपण हा वार मागे घेऊ. तो जिवंत आहे असं धरू."

"राहू दे. मेला तो मेला. वशिल्याने जगवू नकोस त्याला."

ते उठून खोलीत गेले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी तिथेच कोरा कागद मागून नवं पात्र लिहिलं, आणि अजून दर रविवारी न चुकता येऊन बसतात. आता मी "हुकला" म्हटलं की ते माझ्या मैत्रिणीकडे वळून हळूच विचारतात, "खरंच हुकला का गं?"