पोरीनं खाल्लेली भिंत

शेजारीण दारात उभी राहून वरडून राह्यली व्हती. "बाहीर ये माय, बाहीर ये! तुह्या पोरीनं माही भिंत खाल्ली, ते पाय येऊन!"

तव्यावरची भाकर तशीच टाकून मी गेले. खोटं नव्हतं. तिच्या घराच्या मागल्या कोपऱ्याला, खालच्या अंगानं, वाटी बसंल एवढं भगदाड पडल्तं. माही पोरगी तिथंच फतकल मारून बसली व्हती. व्हटाला पांढरं, हातात ढेकूळ. मला पाहून तिनं हात मागं लपवला, पण पळाली न्हाई. पळायची ताकदच राह्यली नव्हती तिच्यात.

"आज कोपरा खाल्ला, उद्या धाबं खाली येईल," शेजारीण म्हणली. "मंग काय करू? समदे लेकरं घिऊन तुह्याच घरी येऊ निजाया?"

"या की. भाकरी थापाया दोन हात तरी वाढतीन."

ती हसली, अन् हसता हसताच तिची नजर पोरीवर गेली. पोरीचं झबलं वर करून तिनं पोटावर हात ठिवला. "अगं बाई, हे कव्हापासून असं?"

ते पोट मी रोजच पाहत व्हते. हातपाय काडीवाणी अन् पोट मडक्यावाणी. कातडी अशी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसायच्या. डोळ्याची पापणी खाली वढली तं आत लाल काहीच न्हाई, निस्तं पांढरं. जशी भिंत, तशी पोरगी.

आमचं गाव वाटूर फाट्याहून आत. घरं समदे पांढऱ्या मातीचे. बहात्तरच्या दुष्काळात ही पोर माह्या पोटात व्हती, अन् मी रस्त्याच्या कामावर खडी फोडीत व्हते. कामावर खायाला सरकारी सुकडी भेटायची, घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर. दिवस भरले तव्हा ती झाली, पण मला दूध म्हणावं तसं आलंच न्हाई. दुष्काळ सरला, रानात पुन्हा ज्वारी झाली, पोरगी चालाया लागली. अन् चालाया लागली तशी भिंतीपाशी गेली. भाकरीचा घास दिला की तोंडात धरून ठिवायची, माही पाठ फिरली की थुकायची. भिंत मातर नखानं उकरून उकरून खायची. तिच्या आधीचा माहा एक पाळण्यातूनच गेल्ता. ही बी जाती का काय, एवढंच माह्या मनात.

मी इचारलं न्हाई असं माणूस राह्यलं न्हाई.

पहिलं सासूला इचारलं. ती म्हणली, "तूच खाल्ली, म्हणून ती खाती. पोटुशी व्हतीस तव्हा चुलीचे पोपडे कोण खायचं? तुही माय?"

"समद्याच खात्यात, आत्याबाई. तुमी न्हाई खाल्ले?"

"मी खाल्ले. पण माहे लेकरं न्हाई खाल्ले."

"मंग आता काय करू ते सांगा," मी म्हणले. ती म्हणली, हात बांध.

लुगड्याच्या धडप्यानं मी पोरीचे हात बाजंच्या पायाला बांधले अन् पाण्याला गेले. घागर घिऊन आले तं ती मान खाली घालून भुई चाटून राह्यली व्हती. मी सोडून दिले हात. पुन्हा बांधले न्हाई.

मंग एका बाईनं सांगलं, भिंतीला कडू लाव. मी लिंबाचा पाला वाटला, घराला आतून-बाहीरून कंबरंइतका लावला. चार दिवस समदं घर कडू झालं. पाणी कडू, भाकर कडू, पोरीचा बाप म्हणला, "आता मला बी माती खायाची सोय न्हाई ठिवली तू." मला वाटलं, चला, जमलं. पोरगी घरच्या भिंतीला तोंड लावंना. तेच तं झालं, ती शेजारणीच्या भिंतीला गेली. माहं घर मी कडू केलं, म्हणून तिचं भगदाड पडलं.

शाळंचे गुरुजी रस्त्यानं चालले व्हते, त्यांना इचारलं. ते भले माणूस, सायकल थांबवली. "पोरीला सकस खाऊ घाला," म्हणले.

"सकस म्हंजे काय, गुरुजी?"

"दूध, अंडी, पालेभाजी."

मी व्हय म्हणले. दुसरं काय म्हणू? आमच्या घरी सकस काय व्हतं तं ते लिंबाचा पाला.

सासूचा जीव दुसरीकडंच व्हता. ती हळूच मला म्हणायची, देवीला बोल, नवस बोल, आपल्या घरात हे असं काहून व्हतं ते देवीला ठाऊक. पण आमच्यात देव सोडल्ते. माह्या सासऱ्यानं धम्म घेतला तव्हा टोपल्यात घालून समदे देव दुधनेत सोडून आल्ता, असं सांगायचे. पोरीच्या बापानं आईचं बोलणं ऐकलं अन् म्हणला, "बापानं देव नदीत सोडले. आता सुनेनं त्याच दारी जाऊन पदर पसरायचा का?"

"सोडले तं सोडले," सासू म्हणली. "पण लेकरू दुखलं की मंग बोलायचं कुणाला, ते नको का सांगाया?"

मला दोघांचं बी बराबर वाटायचं. तेच माहं दुखणं व्हतं. मी त्याला इचारलं, "मंग मी काय करू?"

"तुला बराबर वाटंल ते कर," म्हणला, अन् घोंगडी खांद्यावर टाकून मालकाच्या रानात निघून गेला. सालगडी माणूस, त्याला थांबाया सवड नव्हती. पण त्या दिशी मला वाटलं, ह्याच्यापक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. शिव्या देणारं माणूस सोबत तं असतं. मला बराबर वाटणारं काहीच नव्हतं. रानात निंदाया बसले तरी हात चालायचे अन् डोळ्यापुढं ते पोट यायचं. बाया गाणं म्हणायच्या, मी नुसतं तोंड हालवायचे.

अशात पोरगी खेळायची बंद झाली. मंग रडायची बंद झाली. लेकरू रडतं तव्हर माणूस वैतागतं, पण रडणं बंद झालं की घर कसं लागतं ते ज्याच्यावर आलं त्यालाच मालूम.

तव्हा शेजारीण पुन्हा आली. भिंतीचं भांडण घिऊन न्हाई, तिच्या पोराला घिऊन आली. "दाखव रे मावशीला," म्हणली. पोरानं सदरा वर केला. बेंबीच्या भवताल पोळल्याचे जुने डाग व्हते, गोल गोल. मोठ्या ऐटीत दाखवीत व्हता. "ह्याचं बी असंच पोट फुगल्तं," ती म्हणली. "डाग दिला, अन् आता पाय, शेरडं वळतो. तू नुसती इचारीत फिरून राह्यली. इचारून पोट उतरत असतं का?"

पहिल्यांदाच समद्याचं एक झालं. सासू म्हणली, डाग. गल्लीतल्या बाया म्हणल्या, डाग. पोरीचा बाप म्हणला, "आई म्हणती तसं कर." मी बी हो म्हणले. मला वाटलं, एवढे जण म्हणून राह्यले तं माहंच डोस्कं काहून वेगळं चालवू? थकले व्हते मी.

डाग देणारी म्हातारी खालच्या गल्लीतली. बाई वाईट नव्हती. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापल्ती, माही पोरगी बी तिच्याच हातावर झाल्ती. दुपारची आली, बसली, पाणी पिली, पोरीचं पोट चाचपलं, अन् इळा मागितला. आमच्याच घरचा इळा. चुलीत गोवऱ्या घातल्या, इळ्याचं टोक आत सारलं. सासूनं पोरीला मांडीवर आडवी घेतली, शेजारणीनं पाय धरले. पोरीला वाटलं आसंल, काहीतरी खाऊ देणार. नजर तिची भिंतीकडंच.

इळा लाल झाला. म्हातारीनं फडक्यानं मूठ धरून बाहीर काढला. अन् माह्या तोंडातून निघालं, "थांबा. आधी माह्या हातावर द्या."

म्हातारी म्हणली, "तुला काय रोग झाला?"

"काही न्हाई. मला पायचंय."

"हे काय नवीन नाटक!" सासू म्हणली. "तिकडं इळा थंडा हून राह्यला."

"थंडा झाला तं पुन्हा तापवा. गोवऱ्या घरच्याच हायेत."

मी बाही सरकवून हात पुढं केला. म्हातारीनं माह्याकडं पायलं, सासूकडं पायलं, अन् ठिवला.

मी वरडले न्हाई. दात दाबून बसले. वास आला, चामडं जळाल्याचा, अन् शेजारणीनं तोंड फिरवलं. माहा हात खडी फोडल्याला, उन्हात रापल्याला, वहाणंच्या कातड्यावाणी. त्या हाताला एवढं झालं. अन् पोरीच्या पोटाची कातडी मी पायली. शिरा दिसत व्हत्या आतल्या.

"आता पोरीला," म्हातारी म्हणली.

मी सासूच्या मांडीवरून पोरगी उचलली. दुसरं काही ठरवलं नव्हतं. दवाखान्याचं बी ठरवलं नव्हतं. नुसतं, इथं नको, एवढंच. धडपं घिऊन तिला गुंडाळलं अन् दाराबाहीर पडले.

सासू मागून म्हणली, "मेली तं तुह्या डोस्क्यावर, ध्यानात ठिव!"

"हो," मी म्हणले. "माह्याच."

बोलाया सोपं गेलं. चालाया लागले तव्हा कळलं काय बोलले ते. तव्हर समद्यांना इचारीत व्हते, कुणाच्या ना कुणाच्या सांगण्यावर चालत व्हते. आता मेली असती तं माह्यासोबत जिमेदारी उचलणारं एक माणूस नव्हतं. फाट्यापस्तोर वाट लांब, ऊन, अन् हात असा ठणकायला लागला की पोरगी कोणत्या हातावर घ्यावी कळंना. वाटंत सावलीला टेकले. पोरीनं डोळे उघडले अन् म्हणली, "माय, माती."

चार दिवसात ती पहिल्यांदा काही मागून राह्यली व्हती. मी बांधावरून ढेकूळ उचललं, फुकून साफ केलं, अन् दिलं. खाऊ दे म्हणलं. मरायची आसंल तं मागितलेलं खाऊन तरी जाऊ दे. ती चघळत राह्यली अन् मी तिच्या तोंडाकडं पाहत राह्यले. त्या बांधावर मी जशी बसले, तसं कुणाला बसाया लागू नये.

फाट्यावर यष्टी भेटली. तालुक्याच्या दवाखान्यात ही गर्दी. डाक्टरनं पहिलं माहाच हात धरला. "हे काय भाजलं?"

"डाग दिला."

"कशाचा इलाज?"

"पोरीच्या पोटाचा."

डाक्टर माह्याकडं पाहतच राह्यला. "पोट पोरीचं, मंग डाग तुला काहून?"

मी म्हणले, "ते राहू द्या. ही जगंल का?"

त्यानं पोरीची पापणी वढली, पोट दाबलं. आत जंत झालेत म्हणला, अंगात रक्त राह्यलं न्हाई, म्हणूनच माती खाती. लय उशीर केला. जगंल का, ह्याच्यावर म्हणला, "पाहू."

ते "पाहू" घिऊन मी दवाखान्याच्या वट्ट्यावर बसून काढले दिवस. पोरीच्या पोटातून जंत पडले, एवढे की मी मोजले न्हाई, मोजायची हिंमत नव्हती. मंग लाल गोळ्या दिल्या अन् घरी धाडलं. घरी सासू बोलंना. मी गोळी कुटून गुळात द्यायचे. दोन-चार दिवसानं पोरीची शी काळी पडाया लागली. मी घाबरले. सासू मातर वाकून पाहून आली अन् इतक्या दिवसात पहिल्यांदा बोलली, "पाय, माती बाहीर पडून राह्यली! पांढरी खाल्ली अन् काळी निघाली. समदी पडू दे." पुढच्या खेपंला डाक्टरला इचारलं तं हसला, म्हणला गोळीनं तसं व्हतं. सासूला मी ते कव्हाच सांगलं न्हाई. रोज पाहून यायची बिचारी, अन् मला म्हणायची, "अजून हाय, थोडीच राह्यली."

पोट उतराया पोळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस पोरीनं माह्या ताटातली भाकर वढून घेतली. खाल्ली अन् थुकली न्हाई. मी पाठ फिरवून पायलं, तरी न्हाई. शेजारणीचं भगदाड मंग मीच माती कालवून बुजवलं. ती म्हणली, "चांगलं थाप, भिंतीची चव जाऊ दे."

मंग काय झालं, बाया मला इचाराया याया लागल्या. लेकराचं असं हाय, तसं हाय, काय करू? मी लय हुशार बाई हाय असं त्यांना वाटायचं. पोरगी जगली म्हणून मी हुशार. मेली असती तं त्याच बायांनी म्हणलं असतं, डाग दिला न्हाई, आईनं मारली. अन् शेजारणीचं पोरगं डाग घिऊन बी जगलंच की. ते आजबी हाय, त्याला नातू झालेत.

मला काय मालूम व्हतं? जंत मालूम नव्हते, रक्त मालूम नव्हतं. म्हणून कुणी आलं तं मी सांगत काहीच न्हाई. दवाखान्यात जा म्हणते, अन् बाही वर करून हात दाखविते. मला एवढंच ठाऊक व्हतं, की ते लय पोळतं.