पाटी घेऊन मुलगी पाहायला

कल्याणच्या हरिहर मास्तरांकडे बीजगणित शिकलेल्या कुणालाही मास्तरांचं नाव काढलं की आधी शून्य आठवतं. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवलेली नसली की मास्तर बिनदिक्कत शून्य देत. कुणी कुरकुरलंच तर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "उत्तर काय, शेजाऱ्याचंही दिसतं. रीत स्वतःची लागते."

या कायद्यातून सुटला होता फक्त त्यांचा मुलगा सुधीर. मास्तर संध्याकाळी त्याला शेजारी घेऊन बसत, समीकरण घालत आणि स्वतःही ते पुटपुटत, मांडीवर बोटानं लिहीत सोडवत. ही सवय इतकी जुनी की ती आपल्याला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सुधीर फटदिशी उत्तर सांगे. "पोराचं सगळं तोंडी आहे, लिहायचा कंटाळा तेवढा," मास्तर कौतुकानं म्हणत. मॅट्रिकला पोरगा गणितात जेमतेम निघाला, तेव्हा त्यांनी परीक्षकांना नावं ठेवली.

त्रेपन्न साली सुधीर मुंबईला विमा कंपनीत चिकटला आणि मास्तर सून शोधायला निघाले. या तोंडी कारभाराला कुणीतरी रीत लावावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणून मुलगी पाहायला जाताना ते पिशवीत पाटी-पेन्सील न्यायचे. डोंबिवलीची मुलगी गायली सुरेख, पण उत्तर एकदम सांगून मोकळी झाली. ती गेली. दुसरीनं बाजू बदलताना चिन्ह बदललं नाही. तीही गेली.

"अहो, सून आणायची आहे की सहशिक्षिका?" मास्तरांच्या पत्नी सरोजबाई कातावून म्हणाल्या आणि पुढच्या वेळी घरीच राहिल्या.

पुढची मुलगी ठाण्याच्या गोपीनाथरावांची. शुभदा तिचं नाव, मुलींच्या शाळेत शिकवायची. मास्तरांनी पाटीवर लिहिलं: ५क्ष − ७ = २क्ष + ८. "नुसतं उत्तर नको हं," ते म्हणाले आणि शेजाऱ्याचं ते वाक्य तिलाही ऐकवलं.

शुभदेनं दोन्ही बाजूंत सात मिळवले, दोन्ही बाजूंतून दोन क्ष वजा केले, तिनानं भागलं. क्ष बरोबर पाच. वर पाच घालून ताळाही पाहिला. मास्तरांना इतका आनंद झाला की पोह्यांची बशी हातात तशीच राहिली. सून सापडली होती.

"मी एक गणित घालू का यांना?" शुभदेनं विचारलं. गोपीनाथरावांनी डोळे वटारले, पण मास्तर खुशीत होते. "घाला की."

तिनं लिहिलं: ३(क्ष + ४) = ५क्ष − २. सुधीर वडिलांशेजारी सतरंजीवर बसला होता. जरा वेळ गेला. "सात," तो म्हणाला.

"बरोबर. आणि रीत?"

"तोंडी केलं."

"पहिली पायरी सांगा, तेवढी पुरे." तिनं पाटी पुढे केली.

सुधीरनं पेन्सील घेतली, पाटीकडे पाहिलं आणि मग वडिलांच्या मांडीकडे. मास्तरांनीही त्याच्या नजरेमागे खाली पाहिलं. त्यांचं स्वतःचं बोट सातावर येऊन थांबलं होतं.

"उत्तर तर बरोबर आहे," मास्तर घाईनं बोलून गेले, "निम्मे गुण तरी…" आणि आपलेच शब्द त्यांच्या कानांवर आले. कल्याणात आजवर हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"शेजाऱ्याचंही दिसतं," शुभदा हळूच म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. शिकवलेलं ती नीट म्हणून दाखवत होती.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी शेजारी बसवून त्यांनी पोराला एवढंच शिकवलं होतं. त्यांनी पाटी पुसली, पिशवीत घातली आणि उठले.

"नापास," ते म्हणाले.

गोपीनाथराव हात जोडून पुढे आले. "मास्तर, पोर आहे, बोलून गेली. पदरात घ्या तिला."

"ती नव्हे हो," मास्तर म्हणाले. "आम्ही. दोघेही."