पडद्याआड एक मिनिट

कॅनडातल्या सस्काटून शहरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजोबांइतकं निवडणुकीवर प्रेम करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. खुद्द लोकशाहीलाही त्यांच्यासमोर कधीकधी अवघडल्यासारखं होत असावं. हे गृहस्थ मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. जिन्यातल्या कार्पेटचा रंग, नाताळच्या जेवणातले बटाटे उकडलेले की भाजलेले, असल्या प्रश्नांवरही ते गुप्त मतदान घेत. मतपेटी म्हणजे ओट्सचा मोठा डबा. मतदानाआधी तो सगळ्यांपुढे उलटा करून दाखवत आणि आत हात घालून बघायचा आग्रह करत. नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. बिचारीने हात घातला आणि 'रिकामाच आहे बाप्पा,' अशी ग्वाही दिली.

मतदान बेसमेंटमधल्या कपडे धुण्याच्या खोलीत, बदकांची चित्रं असलेल्या बाथरूमच्या पडद्यामागे होई. पडद्याआड प्रत्येकाने किमान एक मिनिट थांबलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. मी एकदा दहा सेकंदांत बाहेर आलो, तर त्यांनी मला परत आत पाठवलं. 'माझं आधीच ठरलं होतं,' मी म्हणालो. 'माझंही ठरलं होतं,' ते म्हणाले आणि ड्रायरला टेकून सांगू लागले. कम्युनिस्टांच्या राज्यातही निवडणुका होत, पडदाही असे. पण चिठ्ठीवर नाव एकच, ती घडी करून सरळ पेटीत टाकायची. पडद्याआड जाणाऱ्याचं नाव लिहून घेतलं जाई. आजोबा तेव्हा शाळेत शिकवत. त्यांच्या शाळेतले एक मास्तर एकदा आत गेले, ते पुढच्या वर्षी शाळेचा बॉयलर पेटवत होते. आजोबा कधीच गेले नाहीत. मग ती राजवट कोसळली, पहिली मोकळी निवडणूक आली, आणि ते पडद्याआड जाऊन इतका वेळ थांबले की अधिकाऱ्याने बाहेरून तब्येतीची चौकशी केली. 'मत अर्ध्या मिनिटात झालं होतं,' आजोबा म्हणाले. 'बाकीचा वेळ मी नुसता उभा होतो.' मग ड्रायर थांबला आणि ते टॉवेलांच्या घड्या घालू लागले.

असा माणूस स्वतः मात्र नऊ वर्षं आमच्या कॉन्डो बोर्डाचा, म्हणजे इमारतीच्या सोसायटीचा, बिनविरोध अध्यक्ष होता, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. बायको गेल्यापासून आजोबांना या कामाशिवाय काही उरलं नव्हतं. पण चिठ्ठीवर एकच नाव, हे त्यांना आतून खात होतं. गेल्या हिवाळ्यात ते अर्ज घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

'इंजिनियर, तू माझ्याविरुद्ध उभा राहा.'

'आजोबा, मला त्यात इंटरेस्ट नाही.'

'तुला हरायचंच आहे. त्याला इंटरेस्ट कशाला लागतो?'

'राहा ना उभा,' माझी बायको आतून म्हणाली. 'हरायची प्रॅक्टिस आहेच तुला.'

माझं प्रचारपत्रकही त्यांनीच लिहिलं. अध्यक्ष हट्टी आहेत, कुणाचं ऐकत नाहीत, गॅरेजचं दार दोन विंटर नीट लागत नाही. मी 'हट्टी' खोडलं, ते त्यांनी पुन्हा घातलं आणि पत्रकं स्वतः दारोदार सरकवली. लोकांनी ती वाचली. दुर्दैवाने त्यांना ती पटली.

मी चौदा विरुद्ध नऊ मतांनी निवडून आलो. माझं मत मी आजोबांनाच दिलं होतं. त्यांनी चिठ्ठ्या तीनदा मोजल्या, तिसऱ्यांदा आवाज फार बारीक झाला होता. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि खोल्यांच्या नावांची लेबलं लावलेला इमारतीच्या किल्ल्यांचा जुडगा दिला. मी लगेच राजीनामा देतो म्हणालो, तेव्हा मात्र ते चिडले. 'लोकांनी मत दिलंय. ते परत करायची सोय नसते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर बर्फ पडला होता आणि आजोबा बर्फ वितळवायच्या मिठाची बादली घेऊन उभे होते.

'अध्यक्ष महाशय, पायऱ्यांवर मीठ टाकू का?'

थट्टा नव्हती. नऊ वर्षं हे काम त्यांनी कुणालाही न विचारता केलं होतं. त्यांना ते पद जिवापाड हवं होतं, फक्त कुणाला काढून घेताच येणार नाही असं नको होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. 'टाका,' मी म्हणालो, आणि बूट चढवून त्यांच्याबरोबर खाली गेलो.